नगरपालिकेची सावकारीण

"टाकीला हात लावू नका, तापलीय," मी म्हणाले. तरी बेलिफाने हात लावलाच, आणि मग झटकत बसला.

एप्रिल महिना. नगरपालिकेच्या आवारात आमचा एकुलता एक टँकर उभा होता आणि कोर्टाचा हा बेलिफ टेप लावून त्याची लांबी घेत होता.

"मोजताय कशाला? झबलं शिवायचंय का त्याला?"

"मेंबरबाई, जप्तीच्या यादीत वर्णन लागतं. रंग, लांबी, चाकं."

"मग मागच्या डाव्या चाकात हवा नाही, तेही लिहा. कोर्टाची फसवणूक नको."

त्याने खरंच लिहिलं. सोमवारी ड्रायव्हर घेऊन येतो म्हणाला आणि अध्यक्षांची खुर्ची मोजायला आत गेला.

खुर्ची नेली असती तर कुणाचं काही अडलं नसतं. टँकर गेला तर आमची माळावरची वस्ती संपली. गावात नळ होते, पण पाणी माळ चढत नव्हतं. ते चढावं म्हणून पालिकेने पिंगट ठेकेदाराकडून नवी पाइपलाइन टाकून घेतली. पाणी तरीही चढलं नाही आणि पिंगटांचे पैसेही दिले गेले नाहीत. ते कोर्टात गेले, जिंकले, आणि व्याजासकट नऊ लाखांसाठी कोर्टाने पालिकेचं सामान जप्त करायला माणूस धाडला. न आलेल्या पाण्याच्या पाइपांपायी आता येणारं पाणीही जाणार होतं.

पालिकेकडे पैसे नव्हते हे खरंच होतं. आमचं गाव मागांचं. काही वर्षांपूर्वी मंदी आली, सूत महागलं, कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि निम्मे माग बंद पडले. मागवाल्यांची घरपट्टी थांबली, की पालिकेची चूल थंड.

मी सातवी पास. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून मेंबर झाले. लोकांना वाटलं, कारभार नवरा बघेल. नवऱ्याने पहिल्याच दिवशी हात जोडले. "मला मागापलीकडचं काही कळत नाही. तू निवडून आलीस, तूच जा." तेव्हा मी पालिकेचं अंदाजपत्रक घरी आणलं आणि भाकऱ्या झाल्या की कादंबरीसारखं वाचायला लागले. पहिल्यांदा सगळी पात्रं सारखीच वाटली. तिसऱ्या वाचनात कोण कुणाला बुडवतंय ते दिसायला लागलं.

त्या दिवशी मी सरळ पिंगटांच्या घरी गेले. ते ओट्यावर बनियनवर बसले होते.

"या मेंबर. टँकरचं बोलणार असाल तर चहा घ्या आणि जा."

"चहा घेते. जाण्याचं नंतर बघू."

"मी काय राक्षस आहे का हो? मला तुमच्या टँकरचं काय लोणचं घालायचंय? पण तो पारसशेठ! पाइप त्याच्याकडून उधार घेतले मी. चार लाख. रोज सकाळी येतो आणि तुम्ही बसलाय तिथंच बसतो. माझ्या बायकोला आता त्याची साखर तोंडपाठ झालीय."

"म्हणजे पारसशेठ गप्प झाले तर तुम्ही गप्प व्हाल?"

"निदान दोन लाखांनी गप्प झाला, तर मी टँकरवरची जप्ती उठवतो. बाकीचं बघू सावकाश."

तिथून घरी यायचं ते मी पारसशेठच्या दुकानात गेले. कशाला गेले, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एखाद्या घरात नळ गळतोय म्हटल्यावर पाणी जातंय कुठे हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही, तसलंच काहीतरी.

"शेठ, एक विचारू? तुमचं पिंगटांकडे येणं आहे. तुमच्याकडे कुणाचं आहे?"

शेठ तराजूतले खिळे सारखे करत राहिले. "बाई, दुकानदाराला असं विचारतात का?"

"मी कुठे दुकानदाराला विचारतेय? पारसभाऊंना विचारतेय."

"हणमंतअण्णांचं आहे," ते हळूच म्हणाले. "त्यांचे माग बंद पडल्यापासून अर्ध्या शेडमध्ये माझे पाइप आहेत. दोन वर्षांचं भाडं थकलंय. एक साठ."

हणमंतअण्णा असलकर म्हणजे आमचेच मालक. शेड चालू होती तोवर माझा नवरा त्यांच्या मागावर, आणि मी मेंबर होण्याआधी पाच जणींबरोबर तिथेच कांड्या भरायला. सुताच्या त्या छोट्या कांड्या भरून दिल्याशिवाय माग हलत नाही. अण्णा कुणाचे देणेकरी हे विचारायला मला त्यांच्याकडे जावं लागलं नाही. अंदाजपत्रकाच्या मागच्या पानांवर थकबाकीदारांत त्यांचं नाव ठळक होतं. शेडची घरपट्टी, पाच वर्षांची, दोन लाखांच्या वर.

मी भर बाजारात उभी राहून हसले. पालिका पिंगटांची देणेकरी, पिंगट पारसशेठचे, पारसशेठ अण्णांचे, आणि अण्णा पालिकेचे. चौघं एकमेकांच्या दारात बसले होते आणि चौघांचंही म्हणणं एकच, आधी तो देऊ दे.

असला प्रकार मी पाहिला होता. आमची चाळीस बायकांची भिशी होती. भिशी उघडण्याआधी आपापसातलं उसनं मिटवायचं असा नियम. एकदा कमलने मला पन्नास दिले, मी ते मुक्ताला दिले, मुक्ताने शेवंताला, शेवंताने कमलला. नोट कमलकडे परत आली आणि चौघींचं फिटलं. कमल नोट उलटीसुलटी करून बघत राहिली. "अगं, मग मी दिलं काय?" आम्ही तासभर त्यावर डोकं खाजवलं होतं.

नाईक साहेब मुख्याधिकारी होते. तरुण, नवे, कपाळावर कायम आठी. त्यांना मी चारही नावं सांगितली.

"कल्पना चांगली आहे, पण कागदावर वजावट नाही करता येणार," ते म्हणाले. "भरणा झाला पाहिजे. पावती फाटली पाहिजे."

"मग भरणा करू. एक लाख साठ हजार."

"कुठून आणणार?"

"एवढे कशाला हवेत? वीस पुरे. आठ वेळा फिरवायचे."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी वाणिज्य शाखेचा आहे," ते म्हणाले. त्याचा अर्थ मी हो असा घेतला.

पिंगटांना एक साठवर आणायला अजून दोन कप चहा प्यावा लागला. "पण एक साठला रुपया कमी चालणार नाही," त्यांनी बजावलं. बायकांना पटवणं त्याहून अवघड गेलं. त्या महिन्याची वीस हजारांची भिशी मुक्ताची होती. तिला घरावर पत्रे टाकायचे होते.

"पुरुषांच्या हातात द्यायचे?" मुक्ता म्हणाली. "एकाच्या नाही, चौघांच्या?"

"तू समोर बस. नजर हलवू नकोस."

"नजर काय, मी पापणी पण मिटणार नाही."

सोमवारी सकाळी पालिकेच्या सभागृहात सतरंजी टाकली. टेबलं नकोत असं मीच म्हणाले, टेबलाखाली हात दिसत नाहीत. चौघं गोल बसले: अण्णा, पालिकेचा रोखपाल पावतीपुस्तक मांडीवर घेऊन, पिंगट, पारसशेठ. भिंतीला टेकून आम्ही सहा कांडीवाल्या आणि मुक्ता. बेलिफ दारात, बाहेर त्याचा ड्रायव्हर टँकरला टेकून विडी ओढत.

मुक्ताने पुडकं अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते घरपट्टीपोटी रोखपालाला दिलं. पावती फाटली. साहेबांनी व्हाउचरवर सही केली, रोखपालाने पुडकं पिंगटांना दिलं, बेलिफाने ते कोर्टाच्या कागदावर लिहिलं. पिंगटांनी पारसशेठना दिलं. पारसशेठनी मोजलं.

"अहो, आत्ताच तर माझ्यासमोर मोजलं!" पिंगट म्हणाले.

"तुमच्यासमोर तुम्ही मोजलंत. माझ्यासमोर मी मोजतो."

मग भाडं म्हणून ते अण्णांकडे गेलं. एक फेरी झाली. चौघंही एकमेकांकडे असे बघत होते, जसं काही कुणीतरी खिसा कापलाय पण पाकीट जागेवरच आहे.

दुसऱ्या फेरीला पिंगट हसले. तिसऱ्याला पारसशेठनी मोजणं सोडलं. पाचव्या फेरीला बेलिफ दारातून आत येऊन सतरंजीच्या कडेला बसला. "पंचवीस वर्षं जप्त्या करतोय," तो मला हळूच म्हणाला, "हे असं कधी बघितलं नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतील प्यायलाय." मुक्ताची मान पुडक्याबरोबर गोल फिरत होती.

सातवी फेरी संपली. पुडकं अण्णांच्या हातात आलं आणि तिथेच थांबलं.

"अण्णा, शेवटची," रोखपाल म्हणाला.

अण्णा पुडक्याकडे बघत होते. त्यांच्या मांडीवर सात पावत्या होत्या, पण त्यांना त्यांचं कौतुक दिसत नव्हतं.

"अण्णा?" पारसशेठ म्हणाले. "जीव अडकला की काय?"

मुक्ता उठून उभी राहिली. दार किती लांब आहे ते तिने एकदा बघून घेतलं.

"ही फेरी झाली की माझं भाडं संपलं," अण्णा म्हणाले. "दोन वर्षांचं भाडं माझ्या हातातून गेलं. वाईट नाही, पट्टीला गेलं. पण परत माझ्या हातात पैसे कधी येणार?" त्यांनी मान वर केली आणि चौघांकडे नाही, भिंतीकडे, आमच्याकडे पाहिलं. "या सहा जणींचे कांड्यांचे पैसे द्यायचेत मला. शेड बंद केली तेव्हापासून. यांच्या दारावरून जाताना मी छत्री उघडतो, ऊन नसलं तरी."

आम्हाला ते माहीत होतं. छत्रीचंही माहीत होतं. पगाराचं त्यांच्याकडे बोलायचं नाही, असं आम्ही आपसात ठरवलं होतं, कारण त्यांच्या बायकोने गळ्यातलं विकून मागकामगारांचा शेवटचा आठवडा भागवला होता.

"अण्णा, मनाने चांगलं आहे," पिंगट म्हणाले, "पण यांना दिलंत तर साखळी तुटली. माझे एक चाळीसच झाले. मी टँकर सोडत नाही."

ड्रायव्हरने बाहेर विडी विझवली. मला वाटलं, झालं. आणि मग कमलच्या त्या नोटेसारखंच काहीतरी माझ्या डोक्यात फिरलं.

"साहेब, माळावरच्या घरांची पाणीपट्टी किती थकलीय?"

साहेबांना रोखपालाला विचारावं लागलं नाही. "सगळी," ते म्हणाले.

"भरणार कशाला?" शेवंता भिंतीकडून म्हणाली. "नळाला पाणी नाही, पट्टी कसली? तोटीची?"

"ते भांडण उद्या," मी म्हणाले. "आज ऐक. अण्णांनी आम्हाला द्यायचं. आम्ही पालिकेला पट्टी भरायची. पालिका पिंगटांना, पिंगट शेठना, शेठ अण्णांना, अण्णा मुक्ताला. साखळी जरा लांबून जाते, पण तुटत नाही."

साहेबांनी टोपण लावलं. "बसतं," ते म्हणाले. "नियमात बसतं."

आम्ही सहा जणी सतरंजीवर सरकलो. पुरुषांना जागा करावी लागली. पारसशेठ इतके सरकले की फरशीवर गेले. अण्णांनी पुडकं सोडलं आणि एकेकीच्या हातात पैसे ठेवले. किती हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या हातात चार हजार आले. दोन वर्षांपूर्वीचं माझं काम. कांड्या भरताना सुताची धूळ नाकात जायची ती आठवली. मी नोटा धरून बसले. त्या चांगल्या लागत होत्या हाताला. त्या दिवशी सकाळपासून त्याच नोटा मी सात वेळा फिरताना बघितल्या होत्या, पण माझ्या हातात आल्यावर त्या वेगळ्याच झाल्या.

"वहिनी, पुढे," रोखपाल म्हणाला.

"देते रे. जरा ओळख होऊ दे."

मी दिले. कमलने डोळे मिटून दिले. शेवंताने "तोटीची पट्टी" म्हणत दिले. अशा पाच पावत्या फाटल्या. सहावी सखराबाई टेके. आमच्यात सगळ्यात म्हातारी, एकटी राहायची. तिने तीन हजार पदराच्या टोकात बांधले, गाठ दातांनी आवळली आणि ती उठायला लागली.

"मावशी, पट्टी," रोखपाल म्हणाला.

"कसली?"

"पाणीपट्टी. तुमची."

"म्या भरलीया."

रोखपालाने पानं उलटली. पुन्हा उलटली. मग साहेबांकडे बघितलं. "खरंच भरलीय. दरसाल. माळावरचं हे एकच घर."

"पाणी नसताना पट्टी भरलीस?" शेवंता ओरडली. "कशापायी?"

"पावती असली की भांडाया येतं," सखराबाई म्हणाली. "तुमी नुसत्याच बोंबलता."

"मग घरपट्टी?" साहेबांनी विचारलं.

"ती बी भरली."

"कुणाचं दुसरं काही उसनं? दुकानाचं, दळणाचं?" पिंगट काकुळतीला आले होते. "आठवा, मावशी. माणसाचं काहीतरी असतंच."

"मी कुणाचं काय बी लागत न्हाई."

रोखपालाने पावतीपुस्तक मिटलं, जसं काही तिने शिवी दिली. आठ फेऱ्यांचा हिशेब आम्ही बांधला होता. सगळ्यांची उधारी धरली होती. कुणाची नसेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. साखळी नेमकी तिथे तुटली जिथे एक बाई कुणाचं देणं लागत नव्हती.

"तीन हजार कमी," रोखपाल म्हणाला.

"रुपया कमी चालणार नाही म्हणालो होतो," पिंगट म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"माझे पत्रे," मुक्ता म्हणाली. तिच्या आवाजात होता.

मग खिसे चाचपणं सुरू झालं. सकाळपासून त्या सतरंजीवर लाख-दीड लाख फिटले होते, आणि आता खरे तीन हजार कुणाकडे नव्हते. पारसशेठकडे दोनशे दहा निघाले. साहेबांनी पाकीट उघडून दाखवलं, पगार व्हायचा होता. तोही पालिकेकडूनच व्हायचा होता. बेलिफाने पन्नासची नोट काढली आणि आपण कोण आहोत हे आठवून परत ठेवली.

हळूहळू सगळ्यांची नजर सखराबाईच्या पदराच्या गाठीवर येऊन थांबली.

"माज्याकडं काय बगता?"

"मावशी," मी म्हणाले, "आज टँकर गेला तर तुझ्याही घरी पाणी नाही."

"मला सांगतीस?" ती परत खाली बसली. सावकाश, गुडघा धरून. "देते की. पर कुणाला?"

"पालिकेला," साहेब म्हणाले. "म्हणजे... पालिकेला खाजगी माणसाकडून उसनं घेता येत नाही. अनामत म्हणून ठेवून घेऊ. परत मिळेल."

"आन् व्याज?"

"अनामतीवर व्याज नसतं, मावशी."

"मग माजी एक अट हाय." तिने पिंगटांकडे, साहेबांकडे आणि मग दारातून टँकरकडे बघितलं. "टँकर रोज खालनं चालू हुतो. पयला चौक, मग मारुतीचं देऊळ, मग मेंबरीणबाईंची गल्ली. माज्या दारात येईस्तो नुस्ती पाइप टपकती. उद्यापासनं वरनं चालू करायचा. जवर माजं पैसं तुमच्याकडं हायेत, तवर."

मेंबरीणबाईंची गल्ली म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मीच खाली बघितलं, आणि मग हसू आलं म्हणून पदर तोंडाला लावला.

"मान्य," साहेब म्हणाले. दातांनी आवळलेली गाठ दातांनीच सुटली. पुडकं पिंगटांकडे गेलं, शेठकडे गेलं, अण्णांकडे गेलं, मुक्ताकडे गेलं. मुक्ताने मोजलं, दोनदा. पिंगटांनी कागदावर सही केली. बेलिफाने जप्तीच्या यादीतून टँकर खोडला आणि खुर्ची तशीच ठेवली. खुर्ची तो घेऊनही गेला. अध्यक्ष पुढचं वर्षभर स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर घरघरत माझ्या गल्लीवरून न थांबता वर गेला. आम्ही सगळ्या हंडे घेऊन बघत राहिलो.

याला आता बरीच वर्षं झाली. वॉर्डाचं आरक्षण गेलं, माझी मेंबरकी गेली, नाईक साहेबांची बदली झाली. अण्णांच्या शेडमध्ये चार माग पुन्हा चालू आहेत. दरवर्षी तपासणीला आलेला माणूस विचारतो, ही तीन हजारांची अनामत कसली, अजून परत का केली नाही? मग पालिकेचा कुणीतरी कारकून पाकीट घेऊन माळ चढतो.

परवा नवाच पोरगा आला होता. मला रस्ता विचारला, म्हणून मीही त्याच्याबरोबर वर गेले. सखराबाई उंबऱ्यात बसली होती. आता तिला नीट दिसत नाही.

"मावशी, पालिकेकडून आलोय. तुमचे पैसे."

"आज अवस हाय."

"आज पंचमी आहे, मावशी."

"मग उपास हाय. उपासाला पैशाला हात लावत न्हाई."

मी म्हणाले, "घेऊन टाक की एकदाचे. त्यांचा हिशेब तरी सुटेल."

"इतकी वर्सं मी पट्टी भरून भांडले," ती म्हणाली, "कोन आलं वर? त्यांनी माजं देनं ठेवलं, तवा आलं." तिने पोराला खूण केली. "ऊन चढलंय. बस. पानी पी."

तिने भरलेल्या हंड्यातून तांब्या बुडवून त्याच्या हातात दिला. पोरगा गटागटा प्यायला, पाकीट खिशात घातलं आणि माळ उतरायला लागला.